बदकांसाठी तिजोरी उघडणारा व्यंगचित्रकार

ज्याने वर्षानुवर्षे सरकारची टर उडवली, त्यालाच सरकारने बोलावून खुर्चीवर बसवावे, असे क्वचितच घडते. अमेरिकेत १९३४ साली ते घडले. जे नॉरवूड डार्लिंग हे आयोवातल्या 'डी मॉइन रजिस्टर' या दैनिकाचे व्यंगचित्रकार. जन्म १८७६ चा. चित्रांवर सही 'डिंग' अशी करीत. १९२४ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९४३ मध्ये पुन्हा एकदा. पक्के रिपब्लिकन आणि हूव्हर यांचे स्नेही. साहजिकच डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्यावर त्यांचा कुंचला तुटून पडे. त्याच रूझवेल्टनी त्यांना वन्यजीवांची जबाबदारी असलेल्या 'बायॉलॉजिकल सर्व्हे' या खात्याचे प्रमुख नेमले. टीकाकाराला आत घेऊन गप्प करण्याची ही जुनी युक्ती, अशी शंका कुणालाही येईल. पण डार्लिंग गप्प बसणारे नव्हते, आणि चित्रांच्या कमाईपुढे किरकोळ असलेला पगार पत्करून ते वॉशिंग्टनला गेले.

दिवस कठीण होते. शेतीसाठी पाणथळ जागा कोरड्या केलेल्या, त्यात दुष्काळ. बदकांचे थवे झपाट्याने घटले होते. ट्रम्पेटर जातीचे मोठे पांढरे हंस तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, अलास्का सोडून, देशात ७० सुद्धा उरल्याची नोंद नव्हती. उपाय ठाऊक होता: दलदली विकत घ्यायच्या आणि राखायच्या. अडत होते ते पैशापाशी.

पहिली वाट तिकिटाची. १९३४ च्या कायद्याने पाणपक्ष्यांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला एक डॉलरचे तिकीट घेणे सक्तीचे झाले. त्यावरचे पाण्यावर उतरणाऱ्या बदकांचे पहिले चित्र खुद्द डार्लिंग यांचे. पहिल्या वर्षी सहा लाखांहून अधिक तिकिटे खपली. मारणाऱ्याच्याच खिशातून राखण्याचा खर्च काढायचा, हे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारबंदीत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना चमत्कारिक वाटेल. पण हिशेब चोख होता.

दुसरी वाट अधिक गमतीची. रूझवेल्ट पैशाचे शब्द देत, पण रक्कम हाती येईना. तिकडचे आर्थिक वर्ष तेव्हा ३० जूनला संपे, आणि वर्षअखेरीस न खर्चलेल्या रकमेचे काय होते, हे माझ्यासारख्या बँकेत जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नको. डार्लिंग यांनी साउथ डाकोटाचे सिनेटर पीटर नॉरबेक यांना गाठले. जून १९३५ मध्ये नॉरबेक यांनी तिकिटाच्या कायद्यातील दुरुस्तीला एक कलम जोडले: मदतनिधीतील शिल्लक रकमेतून साठ लाख डॉलर पक्ष्यांच्या आश्रयस्थानांसाठी. डार्लिंग किस्सा सांगत, की भाषणाच्या वेळी नॉरबेक यांनी कवळी काढून ठेवली होती. ते काय बोलले ते सभागृहाला नीट कळलेच नाही, आणि कलम मंजूर झाले. मासेमारीला निघण्याच्या घाईत रूझवेल्टनीही सही ठोकली म्हणे! किस्स्यात मीठमसाला असेल. साठ लाख मात्र खरे. त्याच वर्षी मोंटानात रेड रॉक लेक्स हे हंसांचे आश्रयस्थान उभे राहिले.

नोव्हेंबर १९३५ मध्ये, जेमतेम वीस महिन्यांनी, डार्लिंग यांनी पद सोडले. माझ्या मते त्यांचे मोठे काम यापुढचे. पक्ष्यांना मते नसतात, तेव्हा त्यांच्या वतीने बोलणारी संघटना हवी, हे त्यांनी ओळखले होते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या देशव्यापी वन्यजीव महासंघाचे ते पहिले अध्यक्ष झाले. या संघटित दबावातून १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला: शिकारी बंदुका-काडतुसांवरील कराची रक्कम राज्यांना वन्यजीवांसाठी अनुदान म्हणून जाणार, खर्चाचा पाऊण वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. अट एकच, पण कडक. शिकार परवान्यांचे पैसे राज्याने दुसरीकडे वळवता कामा नयेत. अनुदान कशाने गळते, हे जाणणाऱ्यानेच ही अट लिहिली असणार.

फ्लोरिडातल्या इवल्याशा 'की डिअर' हरणांसाठी त्यांनी १९३४ पासून चित्रातून आरडाओरडा केला. आश्रयस्थान झाले १९५७ मध्ये.

१२ फेब्रुवारी १९६२ रोजी ते गेले. निरोपाचे चित्र त्यांनी आधीच काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी 'रजिस्टर'ने ते छापले: कागद, पुस्तके, अर्धवट कामे यांनी खच्चून भरलेली त्यांची खोली, आणि दारातून लगबगीने बाहेर पडणारी एक धूसर आकृती.