झाकीरसाहेब आणि वर्ध्याची टकळी



आपल्या बोरगाव मेघेहून वर्धा शहर ओलांडले की सेवाग्रामचा रस्ता लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत बापूकुटी पाहिली असेल. परंतु वर्ध्याच्या नावाने जी शिक्षणयोजना देशभर गाजली, तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मुसलमान अर्थशास्त्रज्ञ होते व तेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. राष्ट्रपतींच्या यादीत डॉ. झाकीर हुसेन हे नाव येते, यादी पाठ होते आणि परीक्षा संपताच विसरली जाते. म्हणून त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे थोडक्यात ठेवीत आहे. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो: समाजात कोण वर आणि कोण खाली हे ठरते कसे, आणि इतक्या शाळा निघूनही ही उतरंड मोडत का नाही?

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करीत. १९०७ साली ते वारले व कुटुंब कायमगंजला परतले. १९११ च्या प्लेगात आईचेही छत्र गेले. मुलगा इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात वाढला आणि पुढे अलीगढच्या कॉलेजात दाखल झाला. त्यांचे दुःख मी कमी लेखीत नाही. पण पोरके झालेले हे मूल खानदानी घरातले होते, त्याला शाळा व वसतिगृह मिळाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्याच प्लेगात एखाद्या विणकराचे पोर पोरके झाले असते तर ते दुसऱ्या दिवशी मागावर बसले असते.

१९२० च्या ऑक्टोबरात गांधीजी व अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडा, असे त्यांचे आवाहन होते. झाकीर हुसेन यांनी कॉलेज सोडले, आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी ज्यांच्या धडपडीतून जामिया मिलिया इस्लामिया उभी राहिली त्यांत ते एक होते. दोन वर्षांनी ते जर्मनीस गेले व १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतले. बर्लिनमध्ये त्यांनी गालिबचा दिवाण छापून घेतला. पैसे अपुरे होते, म्हणून छापखान्यात जाऊन हा डॉक्टरेटचा विद्यार्थी स्वतः खिळे जुळवू लागला. बोटे काळी करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

तरुणपणीच त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे उर्दू भाषांतर केले होते. या ग्रंथातील एक भाग आपल्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. प्लेटोच्या नगरात लोकांना एक कथा सांगायची असते: ईश्वराने राज्यकर्त्यांच्या घडणीत सोने मिसळले, शिपायांच्या घडणीत चांदी, आणि शेतकरी व कारागिरांच्या घडणीत लोखंड व पितळ. ही कथा बनावट आहे हे प्लेटो लपवीत नाही. मात्र तिच्यावर सर्वांचा विश्वास बसला तर नगर सुरळीत चालेल, असे तो मानतो. आपल्याकडे हेच काम जातीने केले. वरच्याने खालच्याला दाबले एवढ्याने उतरंड शतकानुशतके टिकत नाही. खालच्यालाही आपण पितळच आहोत असे वाटू लागते, तेव्हा ती टिकते. आणि आपण मुसलमानांनी याबाबत फार छाती फुगवू नये. नमाजाच्या रांगेत कोणी कोणाच्याही खांद्याला खांदा लावतो, हे खरे. परंतु सोयरीक जुळवण्याची वेळ आली की सय्यद, पठाण, मोमीन, कुरेशी, पिंजारी, बागवान अशा बिरादऱ्यांची चौकशी सुरू होते, हे आपल्याला घरोघर ठाऊक आहे.

परतल्यावर वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी जामियाची सूत्रे हाती घेतली. संस्था तोपर्यंत दिल्लीला हलली होती व तिजोरीत खडखडाट होता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची आणि महिना १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन न घेण्याची शपथ घेतली. प्रत्यक्षात तेवढेही हाती पडत नसे. मुले मळके जोडे घालून येतात म्हणून झाकीरसाहेब एकदा पॉलिश व ब्रश घेऊन स्वतःच दारात बसले, अशी आठवण जामियातील जुनी मंडळी सांगत असत. मोच्याचे काम कुलगुरूने केले, म्हणून ती आठवण राहिली. मोची ते जन्मभर करतो, त्याची आठवण कोणी सांगत नाही.

आता वर्ध्याकडे वळू. १९३७ साली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी तर करायची होती, पण शाळांचा खर्च बऱ्याच अंशी दारूवरील अबकारी उत्पन्नातूनच भागत असे. या पेचातून गांधीजींनी वाट सुचवली, ती अशी की शिक्षण हस्तोद्योगातूनच द्यावे आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सारी सभा गांधीजींच्या शब्दाला मान देणारी. तिथे झाकीर हुसेन उभे राहिले आणि त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला अगदीच नवी नाही, ही पहिली. आणि शाळेने स्वतःचा खर्च काढावा असा हट्ट धरला, तर शिक्षक गरिबाच्या पोरांकडून गुलामासारखे काम करून घेतील व मग टकळी पुस्तकाहूनही वाईट ठरेल, ही दुसरी. गांधीजींचा मोठेपणा असा की समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच टीकाकाराकडे दिले. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा अशी मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला.

त्यात सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असे म्हटले होते. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा, त्यातले तीन तास वीस मिनिटे उद्योगाला. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळभाज्यांची बाग आणि चर्मकामसुद्धा! जरा विचार करा. आपल्या समाजात कातडे कमावणारा सर्वांत खाली आणि हिशेब लिहिणारा वर. हीच कामे प्रत्येक घरातले मूल करू लागले, आणि करताना त्यातले गणित व विज्ञान शिकू लागले, तर कामावरून माणसाची पायरी ठरवणार कशी? मुलांच्या श्रमाची पिळवणूक होऊ नये, हा इशाराही अहवालात घालण्यास झाकीरसाहेब विसरले नाहीत.

योजनेवर टीकेचा भडिमार झाला. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालाने तीत मुसलमानांचे अहित पाहिले. आपल्याच मध्य प्रांतात शाळांना ‘विद्यामंदिर’ असे नाव दिल्याने गैरसमज आणखी वाढले. झाकीरसाहेबांना स्वकीयांचे बोल खावे लागले, तरीही हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपद त्यांनी सोडले नाही.

परंतु माझ्या मते योजनेचा पराभव या टीकेने झाला नाही. सुखवस्तू लोकांनी तिची मनसोक्त स्तुती केली आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळांत घातली. नोकरी मिळे ती पदवीवर. त्यामुळे मूलोद्योगी शाळा ही गरिबांची शाळा ठरली. दुसऱ्या बाजूने, ज्यांच्या सात पिढ्या कातडे कमावण्यात वा मागावर गेल्या, त्या दलित आणि मोमीन बापाने विचारले असेल की माझ्या पोराला पुन्हा टकळीच का देता? मला त्याचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. सर्वांनी मिळून उतरायचे होते त्या पायरीवर एकट्या गरिबालाच थांबवले, तर त्याने पुस्तकाची वाट धरावी हेच शहाणपणाचे. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान शाळेची शिफारस केली, तिचेही तेच झाले. आता प्लेटोची कथा सांगावी लागत नाही. ते काम गुणपत्रिका आणि फीची पावती मिळून करतात. सच्चर समितीला २००६ साली असे आढळले की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. ही मुले गेली असतील ती बहुधा गॅरेजात, विटभट्टीवर, कारखान्यात. म्हणजे हाताचे काम त्यांना मिळाले, पण त्या कामातले शिक्षण मिळाले नाही. झाकीरसाहेबांना १९३७ साली जी भीती वाटली, ती शाळेबाहेर खरी ठरली.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९४७ च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मृत्यूच्या दाढेतून वाचले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने व एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवले. १९४८ ते १९५६ अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, १९५७ पासून बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न, आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती, असा हा प्रवास झाला. मूलोद्योगी शिक्षणाचे जे यांत्रिक रूप झाले, त्याबद्दल मात्र ते समाधानी नव्हते. १९५८ च्या पटेल स्मृती व्याख्यानांत त्यांनी शिक्षणाच्या पुनर्रचनेचा प्रश्न पुन्हा मांडला. आधी विचार नसेल तर नुसत्या हात हलवण्याला शिक्षण म्हणता येत नाही, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. सेवाग्रामला नई तालीमची शाळा ‘आनंद निकेतन’ या नावाने २००५ पासून पुन्हा सुरू झाली आहे; सवड काढून आपण ती मुलांना दाखवावी. तेथे शेतात काम करणाऱ्या मुलांशी बोलावे.

राष्ट्रपतिपदावर असतानाच ३ मे १९६९ रोजी झाकीरसाहेबांचे निधन झाले. त्यांचे दफन दिल्लीत ओखल्याला, जामियाच्या आवारात झाले. १९३५ साली तेथील पहिल्या इमारतीची कोनशिला बसवायची होती, तेव्हा ती कोणा नवाबाच्या वा नेत्याच्या हस्ते बसवली गेली नाही. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून ती बसवून घेतली होती.