विश्लेषण : कल्याणच्या व्यापारी बंदरात शिवरायांचे आरमार कसे उभे राहिले?

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून उल्हास नदीची खाडी वाहते. आज येथील पुलावरून भिवंडी-ठाण्याकडे जाणाऱ्या वाहनांची रांग असते. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच खाडीकाठी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली.

कल्याणच का?

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांचे सुरुवातीचे राज्य पुणे-मावळच्या डोंगरांत होते. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी त्यांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली आणि समुद्राची वाट दिसू लागली. कल्याण हे सातवाहन काळापासूनचे व्यापारी बंदर. येथील व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. मालाची ने-आण करणारे खलाशी, गलबते बांधणारे सुतार आणि जवळच्या जंगलातले सागवान, सारे येथे आयते होते. नवे बंदर बांधण्याची गरज नव्हती.

अडचण कोणती होती?

खाडी हाती होती, पण तिचे तोंड नव्हते. ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे होती. समुद्रात जाणारे प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखालून जाणार होते. १६५९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध म्हणून सुमारे २० लढाऊ जहाजे बांधायला घेतली. कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज होता. हीच जहाजे उद्या आपल्यावर वळतील, या धास्तीने पोर्तुगीजांनी आपली माणसे काढून घेतली. तरीही जहाजबांधणी थांबली नाही.

बंदर हातून गेल्यावर काय झाले?

१६६१ मध्ये मोगलांनी कल्याण घेतले. एकाच बंदरावर विसंबलेले आरमार येथेच संपले असते. महाराजांनी मात्र समुद्रातच ठाणी उभारायला घेतली. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन ते स्वतः समुद्रमार्गे बसरूरवर चालून गेले. १६७० मध्ये कल्याण पुन्हा स्वराज्यात आले.

शेवटपर्यंत समुद्रावरच लक्ष

१६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली. इंग्रज आणि सिद्दी दोघांनी विरोध केला, पण बेट मराठ्यांकडेच राहिले. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. कल्याणने त्यांना जहाजे दिली. पण बंदरापर्यंतची वाटही आपलीच हवी, हा धडाही त्यांना तिथेच मिळाला.