शर्ट शिवायला शिकलेला पोरगा बेसबॉलचा बादशहा कसा झाला?

आपल्याकडं क्रिकेटचं जे वेड आहे, तसं अमेरिकेत बेसबॉलचं. आणि त्या वेडाचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बेब रूथ. ७१४ होमरन मारणारा हा गडी मुळात शर्ट शिवायला शिकला होता.

जन्म १८९५ चा, गाव बाल्टिमोर, खरं नाव जॉर्ज हर्मन रूथ. वडिलांचा दारूचा गुत्ता आणि पोरगं दिवसभर रस्त्यावर. घरच्यांना आवरेना, म्हणून सातव्या वर्षी त्याला सेंट मेरीजमध्ये टाकलं. नावाला शाळा, पण होतं सुधारगृहच. तिथं पोरांना हाताला काम शिकवायचे. रूथच्या वाट्याला शिवणकाम आलं.

उरलेल्या वेळात बेसबॉल. रूथ डावखुरा, पण कॅचरचा ग्लोव्ह उजव्या हातानं फेकणाऱ्यांसाठीचा. मग तो डाव्या हातात ग्लोव्ह घालून बॉल पकडायचा, ग्लोव्ह काढायचा आणि त्याच हातानं फेकायचा.

१९१४ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९२० पासून न्यूयॉर्क यांकीजकडून खेळायला लागला. पुढं पैसा एवढा आला की १९३० मध्ये त्याचा पगार होता ८० हजार डॉलर, तर राष्ट्राध्यक्ष हूवर यांचा ७५ हजार. अंगात उंटाच्या केसांचा भारी कोट असायचा. पण शर्टाची कॉलर मनासारखी बसली नाही, तर शिंप्याकडं न पाठवता हा माणूस स्वतःच नीट करायचा. सुधारगृहातला हात काही विसरला नव्हता.

मैदानावरचे त्याचे कपडेही गाजले. उन्हाळ्यात डोकं थंड राहावं म्हणून तो टोपीखाली कोबीचं ओलं पान ठेवायचा. १९२९ मध्ये यांकीजनी जर्सीच्या पाठीवर नंबर टाकले, ते बॅटिंगच्या क्रमानं. रूथ तिसरा यायचा, म्हणून ३.

आता एक अफवा. यांकीजच्या जर्सीवरच्या उभ्या बारीक रेघा रूथचं पोट झाकायला आणल्या, असं अजूनही सांगितलं जातं. पण त्या रेघा १९१२ मध्येच आल्या आणि १९१५ पासून कायम झाल्या. रूथ आला त्यानंतर पाच वर्षांनी.

१३ जून १९४८. यांकी स्टेडियमला २५ वर्षं झाली म्हणून जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. त्याच दिवशी रूथचा ३ नंबरही निवृत्त करण्यात आला. कॅन्सरनं तो पार खंगला होता. तरी तो रेघांची जर्सी घालून मैदानात उतरला. ती त्याच्या अंगावर लोंबत होती आणि आधाराला हातात काठीसारखी धरलेली बॅट होती. फोटोग्राफर नॅट फाइन त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. फोटोत रूथचा चेहरा नाही, पाठीवरचा ३ दिसतो. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला रूथ गेला. पुढच्या वर्षी त्या फोटोला पुलित्झर मिळालं.