गणिताचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी



२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन असतो. त्यानिमित्त या वेळच्या भित्तिपत्रकात गणिताशी संबंध असलेल्या थोर माणसाचे चरित्र लिहायचे, असे गुरुजींनी सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी रामानुजन यांचे नाव घेतले. मी दादाभाई नौरोजी यांचे नाव घेतले तेव्हा काही मुले हसली. दादाभाई तर इतिहासाच्या पुस्तकात असतात, ते गणितात कुठून आले, असे त्यांना वाटले. पण इतिहासाच्या पुस्तकात येण्याआधी दादाभाई मुंबईत गणित शिकवत होते. ते कसे, ते मी आता सांगते.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात झाला. त्यांचे लहानपण मुंबईच्या खडक भागात गेले. तेव्हाची मुंबई आजच्यासारखी नव्हती. आगगाडी नव्हती. लालबाग-परळच्या गिरण्या तर पुष्कळ वर्षांनी उभ्या राहिल्या. दादाभाई चार वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. आईचे नाव माणेकबाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात पैसा नव्हता. तरी आपल्या मुलाने शिकलंच पाहिजे, असा तिचा निश्चय होता.

त्या वेळी मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था शाळा चालवीत असे. गिरगावचे नाना शंकरशेट या संस्थेच्या कामात पुढे होते. संस्थेच्या शाळेतल्या मेहताजींनी, म्हणजे मास्तरांनी, माणेकबाईंची समजूत घातली आणि मुलाला शाळेत घालायला लावले. या शाळेत फी नव्हती. फी असती तर त्या माउलीला ती देता आली नसती, आणि आज दादाभाईंचे नाव कुणाला माहीतही झाले नसते.

आता त्या काळी गणित कसे शिकवीत ते ऐका. गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढे घोकीत. नुसते बे एके बे नाही, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे सगळे तोंडपाठ करावे लागे. माझ्या आजोबांना अजून पावकी-निमकी येते. बाजारात दुकानदाराच्या आधी ते हिशेब सांगतात. म्हणजे पाठांतर काही वाईट नाही. पण पंतोजींच्या शाळेत गणित तिथेच संपायचे. पुढची पायरीच नव्हती.

मुंबईच्या नव्या शाळांत पुढच्या पायऱ्या होत्या. आधी आपल्या भाषेची शाळा, मग इंग्रजी शाळा, मग एल्फिन्स्टन संस्था. गणितातही तसेच. आधी अंकगणित, मग भूमिती आणि बीजगणित. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पंडितांच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तकेसुद्धा तयार करून घेतली होती. दर्पण हे वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टनमध्येच गणित शिकवीत असत. दादाभाई या पायऱ्या एकेक करून चढले.

लहानपणी दादाभाई तोंडी हिशेबात हुशार होते. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या शाळेत तोंडी गणिताची परीक्षा झाली. दुसऱ्या एका मुलाने गणिताचे अख्खे पुस्तक, प्रश्न आणि उत्तरे, सगळे पाठ केले होते. त्यामुळे पहिले बक्षीस त्याला मिळाले. मग बक्षीस समारंभ आला. पाहुणे जमले. कुणीतरी पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले. पाठ करून आलेला मुलगा एकदम गप्प झाला. तेव्हा दादाभाई पुढे सरसावले आणि त्यांनी पटापट उत्तरे दिली. पाहुण्यांतले एक इंग्रज गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे दादाभाईंना बक्षीस दिले. मिसेस पोस्टन्स नावाच्या एक इंग्रज बाई तिथे होत्या. त्यांनी आपल्या प्रवासाच्या पुस्तकात या मुलाबद्दल लिहून ठेवले.

ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आमच्या वर्गात पुस्तकातले उदाहरण फळ्यावर आले की सगळे हात वर होतात. गुरुजींनी त्यातले आकडे बदलले की निम्मे हात खाली येतात. मुलगा सगळे पाठ करून दाखवतो म्हणून घरचे खूश असतात. पण दोन्हीत काय फरक आहे, हे दादाभाईंच्या गोष्टीतून कळते.

पुढे १८४० मध्ये त्यांना क्लेअर शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी इतकी प्रगती केली की, सर एर्स्किन पेरी या न्यायमूर्तींनी त्यांना विलायतेत पाठवायचे ठरवले. निम्मा खर्च ते स्वतः देणार होते. निम्मा पारशी समाजाने द्यायचा होता. पण विलायतेत गेला तर पोरगा धर्म सोडील, अशी भीती समाजातल्या मोठ्या माणसांना वाटली आणि तो बेत राहिला. दादाभाई रडत बसले नाहीत. शिक्षण संपल्यावर ते एल्फिन्स्टनमध्येच शिक्षक झाले.

आपण शिकलो ते लोकांच्या पैशावर, म्हणून ते लोकांना परत केले पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला होता. १८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. शाळेला इमारत नाही, पैसा नाही. हे तरुण घरोघर जात आणि मुलींना शिकू द्या म्हणून विनवीत. काही घरांत मुलींच्या बापांनी त्यांना जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली! तरी ते परत परत गेले. सकाळी लवकर मुलींना फुकट शिकवायचे आणि मग आपल्या कामावर जायचे, असा त्यांचा क्रम होता. मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. आज आमच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. कुणी आमच्या बापाला विनवायला येत नाही, कारण ती विनवणी आधीच होऊन गेली आहे.

१८५५ पर्यंत दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाचे पूर्ण प्राध्यापक झाले होते. ती जागा तोवर गोऱ्या साहेबांचीच असे. हिंदी माणसाला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. ज्या मुलाच्या आईजवळ फीला पैसे नव्हते, तो तिशीच्या आत तिथे पोचला. ही पदवी आपल्याला सगळ्यांत प्यारी आहे, असे ते म्हातारपणी सांगत.

त्याच वर्षी ते व्यापारासाठी विलायतेला गेले. पण त्यांचे गणित सुटले नाही. इंग्रज म्हणत की आमच्या राज्यात हिंदुस्थान सुखी आहे. दादाभाईंनी ठरवले, आपण हिशेबच करू. त्यांनी सरकारचेच कागद घेतले. कोणत्या प्रांतात किती जमीन पिकते, किती धान्य होते, त्याचा भाव काय, हे सगळे मांडले. मीठ, कोळसा, कारागिरांचा माल हेही धरले. १८६७-६८ सालाची बेरीज सुमारे ३४० कोटी रुपये आली. इंग्रजांच्या मुलखातली माणसे सुमारे १७ कोटी. आता ३४० ला १७ ने भागा. उत्तर येते २०. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला वर्षाला फक्त २० रुपये! तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्यावर सरकार याहून जास्त खर्च करीत होते. हा भागाकार आपल्या चौथीच्या वर्गातला आहे. पण तो करून दाखवल्यावर मोठमोठ्या साहेबांना उत्तर देणे जड गेले. देशाचा पैसा विलायतेला कसा वाहून जातो, हे दादाभाईंनी आयुष्यभर आकड्यांनी दाखवले. १९०१ मध्ये त्यावर त्यांचे मोठे पुस्तक निघाले.

१८९२ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागातून पार्लमेंटवर निवडून आले. किती मतांनी? फक्त ५! एकेका मताला किती किंमत असते ते यावरून समजते. १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीन वेळा ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना भारताचे पितामह म्हणू लागले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

माझे मामा लालबागला राहतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला फोर्टात नेले होते. तिथे हुतात्मा चौकाजवळ दादाभाईंचा बसलेला पुतळा आहे. तिथल्या मोठ्या रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. माणसे घाईघाईने जातात, वर कुणी बघत नाही. मी मात्र मान वर करून नीट बघितलं.

अजून एक गोष्ट पालकांनी जरूर वाचावी. १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमले. त्या वेळी महात्मा फुले आणि दादाभाई या दोघांनीही सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. निदान चार वर्षे तरी प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळावे, असे दादाभाईंचे म्हणणे होते. सरकारने तेव्हा ऐकले नाही. आता २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना तो हक्क मिळाला आहे. आपल्या शाळेत फी नाही, ती काही आपोआप गेली नाही.

आम्ही चौथीची मुले जूनमध्ये पाचवीला जाऊ. आपली शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, चालत जावे लागते. पाचवीला अपूर्णांकांची बेरीज, कोन आणि क्षेत्रफळ येणार. सहावीला गुणोत्तर, सातवीला बीजगणित. ताई सांगते की गणित अवघड होत जाते. गणितामुळे शाळाच नको म्हणणारीही काही मुले असतात, आणि मुलींना तर घरचेच म्हणतात, आता बस्स झालं. पण गणित ही शिडी आहे. एक पायरी नीट कळली की दुसरी चढता येते, आणि मधली गाळली की पाय घसरतो. दादाभाईंनी एकही पायरी गाळली नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, कळले नाही तर गुरुजींना विचारा, पुन्हा विचारा. आणि पालकहो, तुमच्या मुलाला चारच गणिते येऊ द्या, पण ती का येतात ते त्याला सांगता आले पाहिजे. मुलींनाही पाचवीला पाठवा.

गरिबीतून शिकून सगळ्या देशाचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाई नौरोजी यांना माझे विनम्र अभिवादन!

जय हिंद! जय महाराष्ट्र!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी