नाटककार हिराबाई

मराठी संगीत नाटकाच्या थोर पुरुषांचे स्मरण आमच्या या स्तंभातून आजवर नेमाने होत आले आहे. किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, बालगंधर्व यांपैकी एखाद्याची पुण्यतिथी नजरचुकीने राहिली, तर दुसऱ्याच दिवशी वाचकांची पत्रे येऊन थडकतात. १८ ऑक्टोबर हा दिवस मात्र दरवर्षी येतो आणि जातो. त्याची नोंद आम्ही आजवर घेतलेली नाही, आणि ती घेतली नाही म्हणून एकाही वाचकाने आम्हांस जाब विचारलेला नाही. १९५१ साली या दिवशी गुहागरजवळच्या पालशेत या गावी हिराबाई पेडणेकर यांचे निधन झाले. आपल्या पेडण्याचे नाव आडनावात वागविणारी, सावंतवाडीत जन्मलेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावात डोळे मिटणारी ही बाई आपल्या कोकण-गोमंतकाच्या पट्ट्याबाहेरची नव्हे. तिचा विसर हा आमचा घरचाच अपराध होय, आणि तो आम्ही आधी आमच्या पदरात घेतो.

हिराबाईंचे नाव अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. नाट्येतिहासाची तोंडओळख असणाऱ्याला ते ठाऊक असते. परंतु ते कशासाठी ठाऊक असते? त्यांच्या घरी कोणकोण थोर लेखक येत, कोणाचा त्यांच्यावर जीव होता, कोणी त्यांना काय लिहिले, यासाठी. त्यांनी स्वतः काय लिहिले हा प्रश्न सहसा शेवटी येतो, आणि बहुधा तोवर बोलणाऱ्याची घाई झालेली असते.

हिराबाईंचा जन्म १८८५ च्या सुमाराचा. त्याच्या पाचच वर्षे आधी, १८८० साली, महाराष्ट्राच्या करमणुकीच्या इतिहासात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचा प्रवाह सुरू झाला; आणि विष्णुपंत छत्रे यांनी देशी माणसांची सर्कस उभी केली. या दोहोंमधील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्कशीच्या तंबूत छत्र्यांची पत्नी झुल्यावरचे खेळ करीत असे, आणि लोक तिकीट काढून ते पाहत. नाटकगृहात मात्र शकुंतला पुरुष होता, पुढे १८८२ साली आलेली सुभद्राही पुरुषच होती. जनावरे आणि झुले यांच्या संगतीत स्त्री चालत होती. कालिदासाच्या संगतीत ती चालत नव्हती! अर्थात तंबूतील त्या धाडसी स्त्रीला तरी इतिहासाने फार मोठा मान दिला असे नाही. बहुतेक वर्णनांत ती छत्र्यांची पत्नी एवढ्याच ओळखीने येते.

नाटकात स्त्री नको, याला कारण सांगितले जाई ते शालीनतेचे. कुलवंत स्त्रीने चारचौघांपुढे तोंडाला रंग फासणे हे अशोभनीय. आणि जी कुलवंत नाही असे समाजाने आधीच ठरवून टाकले होते, तिला नाटकगृहात उभे करणे त्याहून अशोभनीय. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या निघाल्या नाहीत असे नाही. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. परंतु प्रतिष्ठित मंडळ्यांच्या कथेत त्यांना तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही.

आता या दुसऱ्या वर्गाविषयी आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? आमची देवळे, आमच्या पालख्या, आमच्या जत्रा ज्यांच्या गाण्यावाचून सुन्या असत, त्या कलावंतिणी, नायकिणी आणि भाविणी यांची घरे आमच्या गावांतूनच होती. शेसविधी करून मुलीला देवाच्या सेवेत घालायचे, आणि मग देवाच्या नावाने तिच्यावर माणसांनी हक्क सांगायचा, ही रीत आमच्या महाजनांच्या डोळ्यांदेखत पिढ्यान् पिढ्या चालली. या घरांतील मुलींना त्या काळी एकच गोष्ट इतर मुलींहून अधिक मिळे, ती म्हणजे विद्या. गाणे, अभिनय, थोडेबहुत वाचन यांची दारे त्यांना उघडी असत. विवाहाचे दार बंद असे. पुढे विवाहाने गेलेल्या मुलींची विद्या सुटे आणि विद्येने गेलेल्या मुलींची अब्रू. हिराबाई या दुसऱ्या वाटेने गेलेल्या घराण्यातील होत.

आईचे छत्र लहानपणीच गेल्यावर त्यांचा सांभाळ मावशी भीमाबाई यांनी मुंबईत केला. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली आणि त्यांनी ती वाया घालविली नाही. गाण्याची तालीम मिळाली ती भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गुरूची. याच भास्करबुवांनी पुढे १९१६ साली खाडिलकरांच्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या आणि बालगंधर्वांच्या कंठातून त्या घरोघर गेल्या. एकाच गुरूची विद्या दोन शिष्यांकडे गेली. एकाला रुक्मिणी होऊन रंगभूमीवर उभे राहता आले, कारण तो पुरुष होता. दुसरी स्त्री होती, म्हणून तिला स्त्रीची भूमिका करता येत नव्हती. बालगंधर्वांच्या थोरवीला यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. त्यांच्या गाण्यावर आमचाही पिंड पोसला आहे. तरीही हा विचार मनात येतोच.

रंगमंच बंद, तेव्हा हिराबाईंनी लेखणी हाती घेतली. त्यांच्या कविता 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून आल्या. १९०४ साली, वयाची विशीही पुरी झाली नसता, त्यांचे 'जयद्रथ विडंबन' हे नाटक प्रसिद्ध झाले. जयद्रथ म्हटला की आपल्याला प्रथम आठवतो तो द्रोणपर्वातील सूर्य आणि अर्जुनाची प्रतिज्ञा. परंतु त्याच्या विटंबनेचे नाव काढले की महाभारत जाणणाऱ्याला वनपर्व आठवते: पांडव शिकारीस गेले असता एकट्या द्रौपदीला पळविणारा, पकडला गेल्यावर डोक्यावर पाच पाट काढून सोडून दिलेला जयद्रथ. स्त्रीला एकटी पाहून तिच्यावर हक्क सांगणाऱ्याची फजिती या कथेत आहे. असे नाव नायकिणीच्या घरातील एका तरुण मुलीने आपल्या पहिल्या नाटकाला द्यावे, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

याच सुमारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी वाङ्मयीन गुरू मानले. 'वीरतनय' आणि 'मूकनायक' या नाटकांनी कोल्हटकरांचा दबदबा तेव्हा मोठा होता आणि त्यांच्या शैलीचा मोह अनेक तरुणांना पडला होता. पुढे गडकऱ्यांनीही त्यांनाच गुरू म्हटले. गडकऱ्यांच्या बाबतीत आपण याला गुरुपरंपरा म्हणतो. हिराबाईंच्या बाबतीत मात्र त्याच नात्याविषयी बोलताना लोकांचा स्वर उतरतो आणि डोळे मिचकावले जातात. गडकरी, गुर्जर, वरेरकर ही मंडळीही त्यांच्या घरी येत. नाटके वाचली जात, पदांच्या चालींवर चर्चा होई. हिराबाईंना गळा होता, तालाचे ज्ञान होते, भाषा होती. संगीत नाटक लिहिणाऱ्याला हे तिन्ही लागते, आणि ते एकाच ठिकाणी असणे त्या काळच्या भल्याभल्या नाटककारांच्याही नशिबी नव्हते. कित्येकांना पदे रचायची तर चाल कोणीतरी गाऊन दाखवावी लागे, मग तिच्या मापाने शब्द बसवायचे. या बैठकांतून कोणी किती घेतले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मामा वरेरकरांनी आपल्या आठवणींत हिराबाईंविषयी लिहिले, हे त्यांच्या सरळपणास धरूनच झाले.

दुसरे नाटक 'संगीत दामिनी' हे १९१२ सालचे. ते केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. केशवराव हे काही हौशी मंडळीचे चालक नव्हते. लहानपणी शारदेच्या भूमिकेने महाराष्ट्र वेडावून सोडणाऱ्या या गुणी नटाने १९०८ साली, स्वतः विशीही न गाठलेला असताना, हुबळीला आपली मंडळी काढली होती. अशा मंडळीचे बिऱ्हाड म्हणजे मोठा संसार असे: नट, साथीदार, पडदे, पोशाख, आचारी, रेल्वेचे भाडे. पडलेले नाटक म्हणजे साऱ्या बिऱ्हाडाची उपासमार. तेथे दयेपोटी कोणी कोणाचे नाटक घेत नसे. केशवरावांनी एका नायकिणीचे नाटक घेतले ते चालेल असे वाटले म्हणून घेतले, आणि लेखकाचे नाव पाहून ते नाकारले नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' करणाऱ्या आणि त्याच वर्षी ऐन तारुण्यात गेलेल्या या माणसाच्या खात्यावर हे पुण्यही जमा असावे.

त्या मंडळीतही सारे पुरुषच. म्हणजे स्त्रीने लिहिलेल्या नाटकातील स्त्री पुरुष उभी करणार, आणि लिहिणारी स्त्री फार तर प्रेक्षकांत बसणार. स्वतःच्या लेखणीतून उतरलेली पदे दुसऱ्याच्या कंठातून ऐकणे हे प्रत्येक नाटककाराचे भाग्यच. परंतु ज्याला ती पदे त्या नटाइतकीच गाता येतात, त्याला ती ऐकताना काय वाटत असेल?

हिराबाई या मराठीतील पहिल्या स्त्री नाटककार असे पुष्कळ ठिकाणी म्हटले जाते. हा मान त्यांना देताना थोडे जपून बोलले पाहिजे. त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सोनाबाई चिमाजी केरकर यांचे 'संगीत छत्रपती संभाजी' आणि काशीबाई फडके यांचे 'संगीत सीताशुद्धी' ही नाटके आली होती. केरकर हे आडनाव आमच्या वाचकांच्या कानाला कसे लागेल हे सांगावयास नको. एकीला पहिली म्हणण्याच्या भरात दुसरीला पुसून टाकण्याची घाई आम्ही करणार नाही.

याहून बोलकी तुलना दुसरी आहे. गिरिजाबाई केळकर या हिराबाईंच्या जवळजवळ समवयस्क. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' या नाटकाला 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर देणाऱ्या, खमक्या आणि विचारी लेखिका. १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि ते योग्यच झाले. एका स्त्रीला त्या आसनावर पाहून तेव्हाच्या सुधारकांना आनंद झाला असल्यास नवल नाही. त्या वेळी हिराबाई हयात होत्या, चाळिशी ओलांडलेल्या होत्या, आणि त्यांचे नाटक मोठ्या मंडळीने केले त्याला पुरती दोन दशकेही लोटली नव्हती. स्त्रीला मान देण्याइतका समाज पुढे आला होता. परंतु कोणत्या स्त्रीला, हे त्याने आपल्या हाती राखून ठेवले होते. आमच्या सुधारकी वृत्तपत्रांनीही, आमच्यासारख्यांच्या पूर्वसूरींनीही, यापलीकडे पाहिले नाही.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात काम केले होतेच. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी घरच्याच मंडळीच्या बळावर नाटक कंपनी काढली आणि सुभद्रा अखेर स्त्रीच्या रूपाने रंगभूमीवर आली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' झाले, त्यात आमच्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे होत्या. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. ज्या दारावर पेडणेकरबाईंनी विशीत थाप मारली होती ते उघडले खरे, पण तोवर त्या दारापासून फार दूर निघून गेल्या होत्या.

मुंबई सोडून पालशेतला कृष्णाजी नेने यांच्या घरी हिराबाईंनी आपले उत्तरायुष्य काढले. 'दामिनी'नंतर त्यांचे नवे नाटक रंगभूमीवर आले नाही. त्या सुखी होत्या की दुःखी, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. मुंबईच्या गजबजाटातून आणि रसिक म्हणविणाऱ्यांच्या नजरांतून सुटून समुद्राकाठच्या नारळी-पोफळीत एका माणसाच्या सोबतीने राहणे, हे त्यांना सुटकेसारखेही वाटले असेल. नाटक लिहिणाऱ्या बाईला ती सुटका नाटक सोडून घ्यावी लागली, एवढेच आम्हांस दिसते.

मृत्यूनंतर पाव शतकाने, १९७६ साली, वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावरून 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिले आणि हे विस्मृतीत गेलेले चरित्र पुन्हा लोकांच्या ओठी आले. कानेटकरांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि या नाटकानंतर हिराबाई नायिका म्हणून जितक्या लोकांना माहीत झाल्या, तितक्यांनी 'दामिनी' शोधून वाचले काय? आमच्या गावोगावच्या वाचनालयांच्या चालकांना आम्ही एवढेच विचारतो, की आपल्या नाटकांच्या कपाटात खाडिलकर-गडकऱ्यांच्या ओळीत हिराबाई पेडणेकरांची दोन पुस्तके आहेत काय. असल्यास आम्हांस अवश्य कळवावे. येत्या १८ ऑक्टोबरच्या अंकात आम्ही ती नावे याच स्तंभात छापू.