हातावर सांडलेले थेंब : आर्थर लोस



उन्हाळा आला की आपल्यापैकी बरेच जण मुलांना आणि घरच्या कुत्र्याला घेऊन बीचवर जातात. वाळूत चपला का घालायच्या, हे ज्यांच्यामुळे कळलं त्या आर्थर लोस यांची आज ओळख करून घेऊया.

लोस यांचा जन्म १८६१ चा, जर्मनीतल्या केमनिट्झचा. लाइपझिगला कृमींचा अभ्यास करून ते इजिप्तला गेले आणि पुढे कैरोच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवू लागले. तिथल्या शेतकऱ्यांना हुकवर्मने, म्हणजे अंकुशकृमीने, ग्रासलं होतं. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. माणूस पांढराफटक पडतो, त्याच्याने काम होत नाही आणि लोक त्याला आळशी म्हणतात. जंत तोंडावाटेच पोटात जातो, असं तेव्हा बहुतेक सगळे मानत. लोससुद्धा.

एकदा गिनिपिगच्या तोंडात अळ्यांचं पाणी सोडताना काही थेंब त्यांच्या हातावर सांडले. थोड्याच वेळात तिथे आग होऊन कातडी लाल झाली. उरलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर अळ्या जवळजवळ गायब आणि मागे नुसत्या रिकाम्या काती! मग त्यांनी स्वतःचीच शौचतपासणी सुरू केली. काही आठवड्यांनी हुकवर्मची अंडी सापडली.

१८९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, पण अनेकांना ते पटेना. तेव्हा पाय कापावा लागणार होता अशा एका मुलाच्या पायावर त्यांनी ऑपरेशनच्या तासभर आधी अळ्या ठेवल्या. नंतर तपासलं तर अळ्या कातडीत शिरलेल्या! (आजच्या नियमांत हे बसणार नाही.) पुढे कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून त्यांनी सगळा मार्ग शोधला: कातडीतून रक्तात, हृदयातून फुफ्फुसात, तिथून श्वासनलिकेने घशात आणि गिळल्यावर आतड्यात.

१९०२ मध्ये आसामच्या चहामळ्यांत डॉ. बेंटली यांनी मजुरांच्या पायांवरच्या 'पानी-घाव' या खाजेचा संबंध याच अळ्यांशी जोडला. अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर यांनी १९०९ मध्ये दिलेल्या १० लाख डॉलर्समधून मोहीम निघाली. औषधाबरोबर तिचा भर संडास आणि पायातले बूट यांवर होता.

लोस प्रत्येक वेळी बरोबर नव्हते. बिलहार्झियाच्या कृमीला गोगलगायीची गरज नाही, असं ते हट्टाने म्हणत राहिले. १९१५ मध्ये लायपर यांनी इजिप्तमध्येच ते खोटं ठरवलं. तोपर्यंत महायुद्ध पेटलं होतं, जर्मन असल्यामुळे लोस यांचं कैरो सुटलं होतं. १९२३ मध्ये गीसेन इथे ते वारले.

आता आपल्या कामाचं. कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरतात, पण बहुधा तिथेच अडकतात आणि लाल, नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ काढत सरकतात. अशी रेघ दिसली तर खाजवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. औषधाने ती लवकर बरी होते. पिल्लांना आईच्या दुधातूनही हे जंत होतात, म्हणून व्हेटला विचारून वेळेवर जंताचं औषध द्या. कुत्र्याची घाण लगेच उचला, मुलांचा सँडबॉक्स झाकून ठेवा आणि वाळूत चपला घाला.