चाकू न लावता मेंदूतली गाठ थांबवणारा सर्जन : लार्स लेक्सेल

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीत एखादा माणूस मोबाईल कायम एकाच कानाला लावतो, कारण दुसऱ्या कानाने कमी ऐकू येतं. बहुतेकदा कारण साधं असतं. पण क्वचित ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर गाठ असते. तिला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. ही गाठ कॅन्सरची नसते, पण वाढली तर मेंदूवर दाब आणते.

आज यातल्या बऱ्याच गाठी कवटी न उघडता थांबवता येतात. त्याचं श्रेय जातं लार्स लेक्सेल यांना.

लेक्सेल यांचा जन्म १९०७ साली स्वीडनमध्ये झाला. १९३५ च्या सुमारास ते स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ऑलिव्हक्रोना या नामांकित मेंदू सर्जनच्या हाताखाली काम शिकू लागले. तेव्हा या गाठीचं ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ होता. चेहऱ्याची नस गाठीला खेटूनच जाते. त्यामुळे जे वाचायचे, त्यातल्या अनेकांचा अर्धा चेहरा कायमचा वाकडा व्हायचा.

मेंदूत शिरायचं, पण इजा करायची नाही, हा ध्यास लेक्सेल यांनी घेतला. १९४९ मध्ये त्यांनी डोक्याला घट्ट बसणारी एक चौकट जगासमोर आणली. तिच्या मापांवरून मेंदूतली नेमकी जागा ठरवता यायची. १९५१ मध्ये ते पुढे गेले. त्या जागी सुईऐवजी किरण पाठवायचे! या पद्धतीला त्यांनी रेडिओसर्जरी हे नाव दिलं.

तत्त्व भिंगासारखं आहे. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणलं की कागद जळतो, आजूबाजूला काही होत नाही. १९६८ मध्ये तयार झालेल्या पहिल्या गॅमा नाईफमध्ये कोबाल्टचे १७९ स्रोत होते. प्रत्येक किरण एकटा कमजोर, पण सगळे एकत्र येतात तिथेच जोरदार मारा होतो. १९६९ मध्ये लेक्सेल यांनी या यंत्राने अकॉस्टिक न्यूरोमावर उपचार केले.

सुरुवातीला अडचणी आल्या. तेव्हा एमआरआय नव्हता आणि डोसही जास्त असायचा, त्यामुळे काहींच्या चेहऱ्याच्या नसेला त्रास झाला. पुढे डोस कमी झाला आणि धोकाही घटला.

१९७४ मध्ये लेक्सेल निवृत्त झाले. १९८६ मध्ये आल्प्सच्या डोंगरात फिरताना त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचं यंत्र मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातही आलं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या उपचाराने गाठ सहसा गायब होत नाही, तिची वाढ थांबते. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, उरलेलंही हळूहळू कमी होऊ शकतं. गाठ फार मोठी असेल, तर ऑपरेशनच करावं लागतं.

म्हणून एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कानात सतत आवाज येत असेल किंवा तोल जात असेल, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. गाठ लहान असतानाच सापडली, तरच लेक्सेल यांच्या शोधाचा खरा उपयोग होतो.